विसरणारा पडदा

कैरोच्या दक्षिणेकडच्या मल्लवी गावातल्या पाटबंधारे कचेरीत फिब्रोनिया हबीब म्हटलं तर कुणालाच पटकन ओळख पटत नाही. साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांची ती मदाम फिफी. लग्न झालं, दोन मुली झाल्या, थोरली नवऱ्याबरोबर असयूतला गेली, तरी फिफीचं टेबल खिडकीजवळच्या त्याच कोपऱ्यात राहिलं.

तिचं मूळ काम आवक-जावक बघायचं. पण साहेबांना दर महिन्याला वरिष्ठांपुढे कालव्यांची हालहवाल मांडावी लागे, आणि त्याच्या स्लाइड बनवायचं काम एकदा तिच्या गळ्यात पडलं ते पडलंच. स्लाइड त्याच, फोटो, आकडे आणि तारीख तेवढी नवी. प्रत्येक फोटो ओढून एका मापाचा करायचा, प्रत्येक पानावरची तारीख बदलायची. वैतागून तिने इंटरनेटवरच्या एका अरबी मंचावर गाऱ्हाणं मांडलं, तेव्हा मोसुलच्या कुणा भल्या माणसाने तिला मॅक्रो लिहायला शिकवलं. मॅक्रो म्हणजे संगणकाला एकदाच नीट बजावून ठेवलेलं काम. पुढे बटण दाबलं की तो ते मुकाट्याने उरकतो. फिफीला हे फारच मानवलं. बटण दाबून ती खुशाल संध्याकाळच्या भाजीसाठी मुलुखियाची पानं निवडत बसे.

चर्चमधला पडदा मात्र तिच्याकडे वारशाने आला. तो आधी तिचा भाऊ एहाब सांभाळायचा. एहाब मेलबर्नला गेला आणि जाताना लॅपटॉप बहिणीच्या हातात ठेवून म्हणाला, काही अवघड नाही, पुढे पुढे दाबत राहायचं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी बायकांच्या बाजूला पहिल्या खांबापाशी फिफी लॅपटॉप घेऊन बसू लागली. भिंतीवरच्या पडद्यावर प्रार्थनेचे शब्द उमटत: एका रकान्यात कॉप्टिक, म्हणजे चर्चची जुनी भाषा, शेजारी त्याचा अरबी अर्थ, आणि तिसऱ्या रकान्यात तेच कॉप्टिक अरबी अक्षरांत, कारण कॉप्टिक लिपी वाचणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रविवारची प्रार्थना, लग्न, बाप्तिस्मा, अंत्यविधी, सगळं एकाच भल्यामोठ्या फाईलमध्ये कोंबलेलं होतं. हव्या त्या जागी जायचं तर स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर दाबायचं. हे नंबर फिफीला पाठ झाले होते.

या पडद्याचा एकच उघड वैरी होता, तो म्हणजे मुअल्लिम विस्सा. मुअल्लिम म्हणजे चर्चचा मुख्य गायक. विस्सा लहानपणीच आंधळे झाले, आणि आपल्याकडे आंधळ्या हुशार मुलाचं जे करत आले तेच त्यांच्या आईने केलं; जुन्या मुअल्लिमच्या पायाशी नेऊन बसवलं. आता सत्तरी ओलांडली होती. वर्षभरातलं प्रत्येक स्तोत्र, त्याची प्रत्येक चाल त्यांना मुखोद्गत होती, आणि हातात झांजा घेतल्या की भिंतीसुद्धा ताल धरतात असं लोक म्हणत. पडदा त्यांना दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. ते म्हणायचे, हे खूळ आल्यापासून लोकांचे आवाज भिंतीवर जाऊन आपटतात, वेदीपर्यंत पोचतच नाहीत.

चर्चच्या वार्षिक उत्सवाला त्या वर्षी बिशप यायचे होते. फिफीने हौसेने त्यांच्या स्वागताच्या स्लाइड बनवल्या. एकीवर त्यांचा फोटो, एकीवर फुलांची वेलबुट्टी, एकीवर चर्चचं जुनं छायाचित्र. त्या तिने फाईलच्या सुरुवातीलाच घातल्या. सगळ्यांनी कौतुक केलं. बिशप आत आले, धूप दरवळला, मुअल्लिम विस्सांनी बिशपांच्या स्वागताचं स्तोत्र उचललं आणि फिफीने पाठ असलेला नंबर दाबला.

सुरुवातीला घातलेल्या स्लाइडमुळे पुढचे सगळे नंबर सरकले आहेत, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. पडद्यावर अंत्यविधीचं स्तोत्र उमटलं. आणि लोकांना इतकी सवय झालेली, की मागच्या बाकांवरच्या बऱ्याच जणांनी ते इमानेइतबारे म्हणायलाही सुरुवात केली. फिफीने घाईने दुसरा नंबर दाबला, तर बाप्तिस्मा आला. अखेर मुअल्लिमनी झांजा अशा कडाडून वाजवल्या की पडद्याकडचे आणि वेदीकडचे दोन्ही आवाज त्यात बुडून गेले.

प्रार्थनेनंतर बिशपांचा हात चुंबायला ती रांगेत उभी राहिली तेव्हा तिचे कान तापले होते. बिशप वाकून हळूच म्हणाले, "बाई, मी अजून आहे." ते हसत होते, त्यामुळे आजूबाजूचेही हसले. फिफीही हसली, पण घरी येऊन जेवली नाही.

पुढच्या आठवड्यात चर्चच्या कमिटीत विषय निघाला. औषधदुकानवाले डॉक्टर नशअत म्हणाले की कैरोतून तयार प्रोग्रॅम मागवू, म्हणजे कुणाच्या बोटांवर अवलंबून राहायला नको. धर्मगुरू अबूना सरापामोन यांना ते तितकंसं पटेना. कैरोची रीत कैरोची, इथली इथली. फिफी सहसा कमिटीत बोलत नसे. त्या दिवशी म्हणाली, "अबूना, ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासापर्यंत मला वेळ द्या. तोवर मी फाईल अशी करते की नंबर दाबावाच लागणार नाही."

तिच्या डोक्यात गोष्ट सरळ होती. स्लाइडला नंबराने हाक मारायची नाही, नावाने मारायची. प्रत्येक स्तोत्रावर आतून खूण घालून ठेवायची: हे उपवासाचं, हे सणाचं, हे बिशप आल्यावरचं. मग सकाळी एका चौकटीत तारीख घालायची, बिशप आहेत की नाहीत ते टिचकीने सांगायचं, आणि मॅक्रो नको त्या स्लाइड लपवून हव्या त्या ओळीने लावून ठेवेल. मग खरोखरच पुढे पुढे दाबत राहायचं. अडचण एकच होती. कोणत्या दिवशी काय गायचं, ते कशानंतर, आणि मल्लवीत ते कसं वेगळं, हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात होतं.

मुअल्लिम विस्सा बेकरीमागच्या बोळात राहत. फिफीने दार वाजवलं तेव्हा आतून आवाज आला, "कोण?"

"मी फिफी, मुअल्लिम."

"अंत्यविधीवाली?"

त्यांच्या बायकोने, उम्म अबादीरने, दार उघडून तिला आत घेतलं आणि नवऱ्याला दटावलं. चहा आला. फिफीने आपलं काम सांगितलं. मुअल्लिमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की म्हणजे माझं डोकं काढून तुझ्या डब्यात भरायचं म्हण की. फिफी म्हणाली की डोकं नको, फक्त कधी काय एवढंच हवंय. "एवढंच" या शब्दावर ते चांगलेच चिडले. सगळं आयुष्य गेलं त्या एवढ्यात, असं म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. फिफी उठली नाही. तिने चहा संपवला आणि विचारलं, "रविवारी आदम चाल, हे मला ठाऊक आहे. पण सण बुधवारी आला तर?"

"तर वातोस चाल. बुधवार ते शनिवार वातोस. हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"आणि त्याच बुधवारी उपवास असेल तर?"

मुअल्लिमनी मान तिच्याकडे वळवली. "उपवास कोणता?"

तिथून दोघांची जी जुंपली ती उम्म अबादीरने जेवायला बसवेपर्यंत. दर कॉप्टिक महिन्याची एकोणतिसावी तारीख आनंदाच्या चालीत गायची, पण तूबा आणि अमशीर हे महिने सोडून. देवदूताच्या घोषणेचा सण उपवासात आला तरी साजरा करायचा, पण ईस्टरआधीच्या दुःखाच्या आठवड्यात आला तर त्या वर्षी तो नाहीच. फिफी ऐकता ऐकता लॅपटॉपवर उतरवून घेत होती: जर असं, तर तसं, नाहीतर अमुक. ती निघाली तेव्हा मुअल्लिम दाराशी येऊन म्हणाले, "पोरं मला विचारतात, कसं गायचं. कधी गायचं, हे तुझ्याआधी कुणी विचारलं नाही. परवा ये. येताना बसबूसा आण, पण हिला सांगू नकोस."

ती जात राहिली. दुपारी कचेरी सुटली की आधी मिठाईवाला आणि मग बेकरीमागचा बोळ. मुअल्लिमना आता चटक लागली होती. ते मुद्दाम आडवळणाचा दिवस सांगत आणि म्हणत, विचार तुझ्या डब्याला. डबा चुकला की त्यांना केवढा आनंद होई. टाळी देऊन हसत. मग फिफी घरी जाऊन चूक शोधी.

मधे एकदा सगळंच पाण्यात गेलं. तिने फाईल जतन केली ती नेहमीच्या साध्या प्रकारात, आणि त्या प्रकारात मॅक्रो टिकत नाहीत. संगणकाने इशारा दिला होता. तिने न वाचता "हो" दाबलं होतं. दुसऱ्या दिवशी उघडली तर स्लाइड जागच्या जागी, पण नियमांची एक ओळ शिल्लक नाही. फिफी स्वयंपाकघरात जाऊन रडली. तिचा नवरा शुक्री शेतीच्या पंपांचे सुटे भाग विकतो. त्याला मॅक्रोतलं ओ की ठो कळत नाही. त्याने विचारलं, फिटिंग कसं केलं होतंस ते डोक्यात आहे ना? ती म्हणाली, आहे. "मग पाइप गेलेत, विहीर नाही गेली," तो म्हणाला आणि कांदा चिरायला बसला. दुसऱ्यांदा लिहिताना तिला निम्माही वेळ लागला नाही, आणि पहिल्यापेक्षा सुटसुटीत लिहून झालं. अवघड नियम बोटांखालून आपोआप यायला लागले होते.

ज्या दिवशी डबा एकदाही चुकला नाही, त्या दिवशी फिफीला वाटलं मुअल्लिम खूश होतील. त्यांनी ठेवणीतले सगळे दिवस विचारून पाहिले, गेल्या वर्षीचे, पुढच्या वर्षीचे. प्रत्येक उत्तर बरोबर आलं. बसबूसा तशीच राहिली.

पुढच्या खेपेला उम्म अबादीरने दारातच सांगितलं की त्यांचं अंग बरं नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. मग फिफीने तिला बाजूला करून आत पाऊल टाकलं. मुअल्लिम भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते म्हणाले, "झालं ना तुझं काम? आता माझं काय?"

फिफीला समजूत घालता येत नाही. तिच्या मुलीही हेच म्हणतात. ती खाली सतरंजीवर बसली आणि म्हणाली की काय गायचं ते मॅक्रोला कळतं, पण त्याला गाता येत नाही.

"लोकांना तरी कुठे येतंय? गातात कुठे ते! बातम्या वाचल्यासारखं वाचतात." मुअल्लिम उठून बसले. "माझ्या लहानपणी अख्खं चर्च गायचं. एकालाही वाचता येत नव्हतं, म्हणून पाठ होतं. तू पडदा शहाणा केलास, लोक आणखी आळशी होणार."

हे तिला स्वतःलाही अधूनमधून वाटलं होतं. पडद्यासमोर बसून तिने रविवारमागून रविवार लोकांचे चेहरे पाहिले होते. सगळे एका दिशेला, डोळे ओळीवर, ओठ अर्धवट हलणारे.

मग मुअल्लिमनी विचारलं, "फिफी, तुझ्या पडद्याला विसरता येतं का?"

"म्हणजे?"

"थोडं थोडं. माणूस विसरतो तसं. या रविवारी एक शब्द, पुढच्या रविवारी आणखी एक. लोकांनी आठवायचं."

फिफीने लॅपटॉप उघडला तो तिथेच. हे काही कठीण नव्हतं. निवडलेल्या स्तोत्रातला शब्द काढायचा, त्याच्या लांबीइतके ठिपके ठेवायचे, आणि दर आठवड्याला ठिपके वाढवत न्यायचे. दर रविवारी गायचं सोन्याच्या धुपाटण्याचं स्तोत्र त्यांनी निवडलं, कारण ते छोटं आहे आणि चाल गोड आहे. तिने विचारलं, कुठल्या शब्दापासून सुरुवात करू, पहिल्या? मुअल्लिम म्हणाले, "छे. ओळीचा शेवटचा आधी घालव. चाल तिथवर जीभ आपोआप नेते. पहिला शब्द सगळ्यात शेवटी." आणि अरबी अर्थाला हात लावायचा नाही, हे फिफीने आपल्या मनाने ठरवलं. आपण काय म्हणतोय एवढं तरी समोर राहू दे.

मोठ्या उपवासाच्या पहिल्या रविवारी नवी फाईल चालली. तारीख घातली, बटण दाबलं, सगळं ओळीने आलं. कुणाच्या काही लक्षातही आलं नाही, आणि फिफीला त्यापेक्षा मोठी पावती नको होती. ईस्टर झाल्यावर पडदा विसरायला लागला.

पहिल्या रविवारी लोकांना वाटलं काहीतरी बिघडलंय. पुढच्या रविवारी डॉक्टर नशअतनी तिला अंगणात गाठून सांगितलं की मदाम फिफी, तुमच्या फाईलला कीड लागलीय. पुढच्या रांगेतली म्हातारी उम्म रिम्मो तर घाबरून त्यांच्याच दुकानात गेली आणि मोतीबिंदू वाढला म्हणून डोळ्यांचं औषध मागायला लागली. खरं काय ते कळल्यावर तिने फिफीला रस्त्यात उभं करून चांगलं झापलं. ती म्हणाली, या वयात मला शाळेत घालतेस का गं? ठिपके वाढत गेले तशी कुरकुरही वाढली. शेवटी अबूनांनी फिफी आणि मुअल्लिम दोघांना बोलावलं. लोक प्रार्थनेला येतात, परीक्षेला नाही, असं ते म्हणाले. मुअल्लिमनी एवढंच विचारलं, "अबूना, तुम्ही स्वतः ठिपक्यांच्या जागी काय म्हणता?" अबूना म्हणाले, अर्थातच शब्द म्हणतो. मग कबूल केलं की गेल्या महिन्यापर्यंत तेही पडद्याकडे बघूनच म्हणत होते. पुढच्या रविवारी त्यांनी प्रवचनात सगळ्यांना खुलासा केला आणि उन्हाळा संपेपर्यंत दम धरायला सांगितलं.

त्यानंतर गोष्टी हळूहळू पालटल्या. भाजीबाजारात बायका एकमेकींना अडलेला शब्द विचारताना दिसू लागल्या. शुक्री दुकानात पंप खोलताना धुपाटण्याचं स्तोत्र गुणगुणायचा आणि दुसऱ्या ओळीला हटकून अडायचा. मग फिफीला फोन करायचा. ती सांगायची नाही.

मग एका रविवारी त्या स्तोत्राचे कॉप्टिकचे दोन्ही रकाने पूर्ण रिकामे झाले. अरबी अर्थ तेवढा उरला आणि शेजारी नुसते ठिपके. मुअल्लिमना हे ठाऊक होतं. त्यांनी झांजांचा ठेका दिला, पहिला शब्द मुद्दाम स्वतः म्हटला नाही, आणि थांबले. स्तोत्र कुणीच उचलेना. फिफीचा हात नकळत लॅपटॉपकडे गेला. भरलेली स्लाइड परत आणायचं बटण तिने गुपचूप करून ठेवलं होतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून उम्म रिम्मोचा चिरका आवाज निघाला. पहिला शब्द बरोबर होता, दुसरा साफ चुकला. शेजारच्या तिघीचौघींनी तो दुरुस्त केला तो गातच, आणि मग बायकांची सगळी बाजू उठली, तिच्यामागून पुरुषांची. चाल दोन ठिकाणी लंगडली. एके ठिकाणी अर्धे लोक एक ओळ गाळून पुढे गेले आणि बाकीच्यांनी त्यांना ओढून मागे आणलं. पण कुणीही भिंतीकडे बघत नव्हतं. फिफीने बटणावरचं बोट उचललं. आपले ओठही हलताहेत हे तिला स्तोत्र संपताना कळलं.

प्रार्थनेनंतर मुअल्लिम विस्सा खांबापाशी चाचपडत आले. ते म्हणाले, "बायकांच्या बाजूला एवढा आवाज आहे, हे मला ठाऊक नव्हतं." मग अबूनांकडे वळून त्यांनी जाहीर केलं की दर गुरुवारी दुपारी ते बायकांना स्तोत्रं शिकवणार. असं मल्लवीत कधी झालं नव्हतं. अबूनांनी दाढी कुरवाळली आणि विचारलं की खुर्च्या किती लावायच्या.

गुरुवारच्या शिकवणीत उम्म रिम्मो पहिल्या रांगेत बसते आणि सगळ्यांच्या चुका काढते. डॉक्टर नशअतनी आपल्या बायकोला पाठवलं आणि नंतर चौकशी केली की पुरुषांसाठीही असं काही निघणार आहे का. एकापाठोपाठ एक स्तोत्रं विसरायला लावायचं काम फिफी अजून करतेय. शेजारच्या एका गावातून माणूस आला आणि फाईल पेन ड्राइव्हवर मागून घेऊन गेला. तिने ती दिली, पण बजावलं की नियम आमचे आहेत. तुमच्या मुअल्लिमला शेजारी बसवून तुमचे घाला.

मुअल्लिमना आता मोबाइल घेऊन दिलाय, आणि हे फिफीला महागात पडलंय. त्यांना काही आठवलं की ते वेळकाळ बघत नाहीत. परवा ऐन कामाच्या वेळी फोन आला. सणाचा दिवस एकोणतीस तारखेला आला, आणि त्यात बिशप प्रार्थना अर्धी झाल्यावर पोचले, तर पुढचा क्रम बदलतो. हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

"मुअल्लिम, मी कचेरीत आहे. साहेब समोर उभे आहेत."

"त्यांना म्हणावं बसा. हे लांबणार आहे."

साहेबांना पलीकडचं सगळं ऐकू गेलं होतं. फिफीने कानाला फोन धरून चर्चची फाईल उघडून नव्या क्रमाची खूण घालायला घेतली, आणि साहेब खुर्ची ओढून बसले.